काठ वाचवू या

डिसेंबरात सकाळी साडेसहाला केलगेरीच्या बांधावर उभं राहिलं, की आधी काहीच दिसत नाही. धुकं पाण्यावर बसलेलं असतं आणि पलीकडचा काठ कुठं सुरू होतो ते कळत नाही. कानाला मात्र सगळं कळतं. टिबुकलीची खिदळल्यासारखी किलकारी, शेकाट्यांची किक्-किक्, लांब कुणीतरी बैलांना हाकारतंय. मग ऊन वर येतं, धुकं एका बाजूनं उचललं जातं आणि समोर पंधरा हातांवर एक हळदीकुंकू बदक डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळाकडं करून उलटं झालेलं दिसतं.

या पक्ष्याला हे नाव ज्या कुणी दिलं, त्यानं तो जवळून पाहिला असणार. काळ्याभोर चोचीच्या टोकाला हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा ठिपका, आणि चोच जिथं कपाळाला मिळते तिथं दोन्ही बाजूंना कुंकवाचे लाल टिपके. बदक सुलटं होतं, मान झटकतं, चोचीतून चिखलाचं पाणी गळतं आणि गाळातलं बी तेवढं आत राहतं. दोन पावलं पुढं जाऊन परत उलटं.

ते चरतंय तिथं पाणी वीत-दीड वीत आहे. मला आज त्या वीतभर पाण्याबद्दलच बोलायचंय.

आमचं घर तीन पिढ्यांचं धारवाडचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण हिवाळ्याचा नेम बदलला नाही. मार्गशीर्षातली अवस आली की शेतावर जायचं. आमच्याकडं तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या ती हीच. तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी, शेंगांची पोळी, भरली वांगी, कारळ्याची चटणी, दह्याचं मडकं, सगळं गाडीत. ज्याच्या शेतावर जायचं तो अज्जा आधी चारी बांधांवर अन्न शिंपडायचा, त्याला चरग म्हणतात. भुईचा घास भुईला देऊन झाला की मग आपली पंगत. आणि जेवणं उरकली की आम्ही पोरं धावत सुटायचो ती तळ्याकडं. मोठी माणसं बाभळीखाली पान जमवत बसायची आणि आम्ही काठाच्या चिखलात कुणाच्या पायांचे ठसे आहेत ते ओळखत फिरायचो. बगळ्याचा लांब, टिटवीचा तीन बोटांचा, बदकाचा पडद्याचा. पुढं माघात जोंधळा दुधात आला की सीतनी, म्हणजे आपला हुरडा, भाजायचा. तोही तळ्याखालच्या रानातच, कारण तिथल्या कणसाला गोडी जास्त असं अज्जाचं म्हणणं.

आज माझ्या नात्यातल्या मुलांना हिवाळी सुट्टीत कुठं न्यायचं असा प्रश्न पडतो, तेव्हा घरातली माणसं मॉलचं नाव घेतात. मी तळ्याचं घेते. पण दरवर्षी ते नाव घेताना माझा आवाज जरा खाली येतो, कारण न्यायचं कुठल्या काठावर, हे आता विचार करून ठरवावं लागतं.

हुबळी-धारवाडला मोठी नदी नाही. हा या जागेचा गुण आहे. हे जुळं शहर पाणलोटाच्या माथ्यावर बसलंय. इथल्या पावसाचा एक वाटा धारवाडच्या सोमेश्वराच्या देवळापाशी उगवणाऱ्या शाल्मलेतून बेडतीला मिळतो आणि सह्याद्री उतरून अरबी समुद्राला जातो. दुसरा वाटा बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला, मलप्रभेतून कृष्णेला आणि पार बंगालच्या उपसागराला. माथ्यावर नद्या नुसत्या जन्मतात. मोठं व्हायला त्यांना खाली जावं लागतं. म्हणून इथल्या जुन्या माणसांनी उतार पाहून बांध घातले आणि पाणी अडवलं. कन्नडमध्ये तळ्याला केरे म्हणतात. उणकल, नवलूर, केलगेरी, साधनकेरी, नुग्गीकेरी, कुठंही जा, वस्तीला आपलं तळं आहे. पश्चिमेला कलघटगीकडं झाडी आणि भाताची खाचरं, पूर्वेला नवलगुंदकडं काळं रान, जोंधळा, हरभरा, करडई. या दोन मुलखांच्या मधल्या पट्ट्यावर ही तळी मण्यांसारखी पडलीत आणि म्हणूनच झाडीतले पक्षी, रानातले पक्षी आणि पाण्यातले पक्षी इथं एकाच सकाळी भेटतात.

मग मलप्रभेचं पाणी नळानं घरात आलं. त्याबद्दल तक्रार नाही, आईनं घागरी वाहिलेल्या मी पाहिल्यात. पण नळ आला तसं तळ्याकडं पाहणं सुटलं. ज्याचं पाणी आपण पीत नाही, त्यात काय मिसळतंय हे कोण बघतो?

साधनकेरीच्या तळ्यासमोर द. रा. बेंद्रे राहत. मराठी घरातला हा मुलगा कन्नडचा वरकवी झाला. मधली काही वर्षं सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात शिकवून परत धारवाडला आला. १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ‘बारो साधनकेरिगे’ ही त्यांची कविता म्हणजे साधनकेरीला ये, असं दिलेलं बोलावणं आहे. त्या बोलावण्यात पावसाळा आहे. मी हिवाळ्याचं देते.

विशेष करून मराठी वाचकांना देते. जी. ए. कुलकर्णी याच गावात जे.एस.एस. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळं पुण्या-कोल्हापूरकडून जी.एं.चं गाव बघायला अजून माणसं येतात. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर बघतात, लाइन बाजारात पेढे घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की एक रात्र राहा आणि पहाटे उठा. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर असलेल्या या गावाच्या हिवाळी पहाटेला खांद्यावर शाल लागते. कर्नाटक विद्यापीठाच्या टेकडीला लोक छोटा महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. पहाट केलगेरीला घालवा, ऊन चढलं की साधनकेरीला बेंद्र्यांच्या घराशी या, दुपारी नुग्गीकेरीच्या मारुतीचं दर्शन घ्या आणि चार वाजता उणकलला निघा. हुबळी-धारवाड रस्त्यावरून चिगरी बस सारखी धावत असते. चिगरी म्हणजे हरीण. उणकल गावातलं चंद्रमौळेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळचं. ते आधी पाहा, कारण त्याच्या काळ्या दगडावरची नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते. मग तळ्याच्या बांधावर बसा. मध्ये विवेकानंदांचा पुतळा, त्याच्या मागं सूर्य पाण्यात उतरतो. हातात कागदाच्या पुडीत चुरमुऱ्याचं गिरमिट आणि बरोबर एक गरम मिर्ची भजी. पुडी खाली टाकू नका.

आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर मागडीला जा. गदग जिल्ह्यात, शिरहट्टी तालुक्यात, लक्ष्मेश्वरच्या अलीकडं-पलीकडं विचारलं तर कुणीही रस्ता दाखवील. तळं म्हणाल तर पन्नास हेक्टरांच्या आसपासचं, शेतीला पाणी मिळावं म्हणून माणसांनी बांधलेलं, आमच्या उणकल-केलगेरीच्याच जातीचं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं पट्टकादंब उतरतात. राखी रंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, बुक्क्याचे ओढावेत तसे. तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियाच्या पठारांवर ते पिल्लं वाढवतात आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून खाली येतात. सात हजार मीटरच्या वर ते उडाल्याची नोंद आहे. त्या उंचीवर आपल्याला चार पावलं टाकवत नाहीत. एका हिवाळ्यात आठेक हजार हंस मागडीला येतात. दक्षिण भारतात एवढ्या संख्येनं ते जिथं उतरतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. ते दिवसा पाण्यात विसावतात आणि आसपासच्या शेतांत चरायला जातात. उभ्या पिकात हंसांचा थवा उतरला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि तरी मागडीचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या ते सोसत आलेत. जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जानेवारी २०२४ मध्ये मागडीचं नाव गेलं. त्या मानाचा निम्मा वाटा त्या शेतकऱ्यांचा आहे असं मी मानते.

मुंडगोडजवळच्या अत्तिवेरीलाही चमचे आणि शराट्या हे पाणपक्षी पाहायला जरूर जा. वाटेत तिबेटी वसाहत लागते, १९६६ पासूनची. माणसं तिबेटातून आली ती परतू शकली नाहीत आणि तिकडचेच हंस दरवर्षी येऊन परत जातात, हा विचार त्या रस्त्यावर मला प्रत्येक वेळी गप्प करतो.

मागडी आणि उणकल यांच्यात असा कोणता फरक आहे, की एकीकडं हंस उतरतात आणि दुसरीकडं जलपर्णी? दोन्ही माणसांनी बांधलेली. दोन्ही पावसाच्या पाण्यानं भरणारी. फरक वरून काय येतं आणि काठाला काय उरलंय, एवढाच आहे.

वरून काय येतं ते आधी. उणकलच्या पाणलोटात शहर वाढलं, घरं झाली, आणि ज्या ओढ्यांनी पावसाचं पाणी तळ्यात यायचं त्याच ओढ्यांनी सांडपाणी येऊ लागलं. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, म्हणजे पाण्याला खतच घातलं म्हणा. त्या खतावर जलपर्णी माजते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलं सुंदर म्हणून इंग्रजांच्या काळात भारतात आली. हवा-पाणी मानवलं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. मी एकदा श्रमदानात तिचा एक गड्डा ओढून पाहिला. वरून हिरवीगार पानं, फुगीर देठ दाबला तर आतून थर्माकोलसारखा पोकळ, आणि खाली हातभर लांब काळी मुळं, भिजलेल्या पिसांसारखी. त्या मुळांना गोगलगायी, एक खेकड्याचं पिल्लू, प्लास्टिकची चिंधी आणि कुणाच्या तरी पूजेचा लाल गोंडा अडकला होता. एक गड्डा उचलायला सोपा, पण शेजारचे दहा त्याला धरून असतात. आम्ही पंचवीस जण सकाळभर ओढत होतो आणि बांधावर गेलो तेव्हा केलेली जागा दिसेना, वाऱ्यानं उरलेली जलपर्णी तिथं सरकली होती. म्हशी धुवायला आलेला एक म्हातारा आमच्याकडं बघत म्हणाला, “मोदल नीर इत्री, ईग बरे कस ऐत्री.” आधी पाणी होतं, आता नुसता कचरा आहे.

जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून यंत्रं लावून एकदा तळं साफ केलं, फोटो काढले आणि वरचा नाला तसाच सोडला, की पुढच्या पावसाळ्यानंतर सगळं होतं तिथं येतं. कोल्हापूरकरांना हे मी सांगायला नको, रंकाळ्यानं त्यांना ते शिकवलंय. पाणी झाकलं गेलं की खाली उजेड जात नाही, हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात. बदकांना उतरायला उघडं पाणी राहत नाही. आभाळातून त्यांना ते तळं कुरणासारखं दिसत असेल.

पण आता मला ज्याची जास्त भीती वाटते ते सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. सांडपाणी वाईट हे सगळ्यांना पटतं. सुशोभीकरण वाईट असू शकतं, हे पटवायला फार वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी एका तळ्यावर, नाव सांगत नाही, मी जानेवारीत गेले तर काठाला दगडांचे ढीग पडले होते. चौकशी केली तेव्हा कळलं, तळ्याचा विकास होतोय. चारी बाजूंनी भिंत, वर फरशीचा रस्ता, विजेचे खांब, कारंजं. पुढच्या हिवाळ्यात गेले. काम नेटकं झालं होतं. फिरायला आलेली माणसं खूश होती आणि त्यांच्या खुशीवर माझा राग नाही, म्हाताऱ्या पायांना सपाट रस्ता हवाच. पण पाणी भिंतीला थेट टेकलं होतं, छातीएवढं खोल. चिखल नाही, लव्हाळं नाही, उतार नाही. एक पाणकावळा खांबावर पंख वाळवत बसला होता. दोन तासांत दुसरा पाणपक्षी मला दिसला नाही.

कारण साधं आहे. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, आपलं हळदीकुंकू, ही सगळी बुडी मारणारी बदकं नव्हेत. ती जागच्या जागी उलटी होतात आणि मान पोचेल तेवढ्याच खोलीवरचं खातात. शेकाट्याचे पाय लांब, तरी त्याला पाणी गुडघ्याखाली लागतं. तुतवाराला तर नुसता ओला चिखल हवा. धोबी कोरड्या आणि ओल्याच्या रेघेवर पळतो. टिटवी त्याच्या वर, खड्यांत अंडी घालते. मासोळ्यांची पिल्लं लव्हाळ्यात लपून मोठी होतात. म्हणजे तळ्यातल्या सजीवांची बहुतेक वस्ती मधल्या खोल पाण्यात नाहीच, ती काठाच्या त्या चिंचोळ्या पट्टीत आहे, जी पावसाळ्यात बुडते आणि हिवाळ्यात हळूहळू उघडी पडत जाते. पाणी आठवड्याला वीतभर मागं सरतं आणि दर आठवड्याला नवं ताट वाढल्यासारखा नवा चिखल उघडा होतो. सायबेरियाहून आलेला पाहुणा त्या ताटासाठी येतो. भिंत घातली की पाणी मागं सरत नाही, नुसतं खाली जातं. ताटच उरत नाही.

हिवाळ्यातली आमची सगळी मजाही त्याच पट्टीवरची आहे. ठसे ओळखणं, म्हशींच्या पाठीवरचे बगळे मोजणं, कोळ्याची जाळी, कपडे वाळत घातलेले काठ, हुरड्याची आगटी. खोल पाण्याकडं आपण नुसतं बघतो. राहतो, खेळतो ते काठावर.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावं, कारण कचेरीत गेल्यावर नुसतं प्रेम चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात सांगितलं, की तळी ही समाजाची सामायिक संपत्ती आहे आणि ती जपणं सरकारचं काम आहे. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. कर्नाटकानं २०१४ साली तळ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पण केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत एक फट आहे. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा शेतीसाठी माणसांनी बांधलेली तळी त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलीत. म्हणजे आमच्या मुलखातली जवळजवळ सगळीच. मागडी शेतीसाठी बांधलेली आहे, आणि तिला जगाच्या यादीत मान मिळतो. नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वर गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळं झालं, आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ तेच ठरलं. माणसानं बांधलं म्हणून तळं कमी जिवंत असतं, असं हंसांना तरी वाटत नाही. ही फट बुजवावी, अशी मागणी आपल्या खासदारांकडं, आमदारांकडं लेखी गेली पाहिजे, आणि ती मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हीत जावी.

तिकडून होईल तेव्हा होईल. तोवर इथं काय करता येतं ते मी हात जोडून मागते.

महानगरपालिकेकडं मागणं हे, की कुठल्याही तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा आला तर त्यात काठाचा निदान एक तृतीयांश भाग मातीचा, उताराचा, बिनदिव्यांचा राखून ठेवा. चालायचा रस्ता एका बाजूला करा, तो झालाच पाहिजे. कारंजंही करा हवं तर. पण सांडपाण्याचा नाला ज्या बाजूनं येतो तिथं आधी पाणी शुद्ध करायची सोय, मग रंगरंगोटी. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः.

आणि आराखडा मंजूर होण्याआधी तो पाहायला नागरिक गेले पाहिजेत. फरशा बसल्यावर ओरडून काही होत नाही. ज्या वस्तीत तळं आहे तिथल्या पाच जणांनी नगरसेवकाला भेटून एवढंच विचारावं, “रायरे, आमच्या तळ्याचा काय बेत आहे?” माझा अनुभव आहे, विचारणारं कुणी आहे कळलं की कागद जपून हलतात.

घरच्यांकडं मागणं वेगळं. गणपती शाडूचा आणा आणि बादलीत किंवा पालिकेच्या हौदात बोळवा. प्लास्टरच्या मूर्ती नकोत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्येच सांगितलं आहे. निर्माल्य तळ्यात नको. गाडी तळ्यावर धुवू नका. थर्टी फर्स्टला बांधावर मोठे आवाज लावू नका, फटाके नकोत. त्या रात्री तिथं हजारो मैल उडून आलेले पाहुणे झोपलेले असतात.

श्रमदान करणाऱ्या मंडळांना एक सांगणं. जलपर्णी फुलावर येण्याआधी काढा, मुळासकट काढा आणि काठावर ढीग लावून ठेवू नका, पहिल्या पावसात ती परत आत जाते. लांब नेऊन तिचं खत करा. आणि उत्साहाच्या भरात लव्हाळं, कमळं, काठाचं गवत उपटू नका. ते घर आहे, जलपर्णी घुसखोर आहे. दोन्ही हिरवं दिसतं, पण हात लावण्याआधी एकदा जाणत्याला विचारा.

तळ्यावर पोट असलेल्यांना बाजूला ठेवून काही वाचणार नाही. कोळी, म्हशीवाले, धुणंवाल्या बायका यांना हुसकून लावलं की तळ्याचा रोजचा पहारेकरीच जातो. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ काय झालं पाहा. कुंभारगाव, डिकसळचे मासेमार आता रोहित पक्षी दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात. पक्षी राहिले तर घर चालतं, हे कळल्यावर पक्षी राखायला तिथं पाटी लावावी लागत नाही. मागडीच्या एखाद्या तरुणानं, केलगेरीच्या एखाद्या म्हशीवाल्याच्या मुलीनं असं काम केलं तर त्यांना चार पैसे द्यायला आपण तयार आहोत का? मी आहे. माझ्या घरी पाहुणे आले की पेढ्यांवर खर्च होतो तेवढा एका पहाटेच्या वाटाड्यावर करायला काय हरकत आहे?

शिक्षकांना विनंती, सहल काढाल तेव्हा एक दिवस तळ्याचा ठेवा. बस लागत नाही, तिकीट लागत नाही. मुलांना वही द्या आणि दहा पायांचे ठसे काढून आणायला सांगा. पडद्याचा पाय आणि सुट्या बोटांचा पाय यांतला फरक ज्या मुलीनं चिखलात बसून काढलाय, ती मोठी होऊन त्या चिखलावर फरशी घालायच्या कागदावर सही करण्याआधी थांबेल.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. गणना म्हणजे फार मोठं काही नाही. दोघं-तिघं जण पहाटे ठरलेल्या तळ्यावर जातात, दिसेल ते मोजतात आणि लिहून पाठवतात. पण दहा वर्षं त्याच काठावर मोजलेले आकडे हातात असले, की कचेरीच्या टेबलावर ते बोलतात. इथं आधी इतके शेकाटे यायचे, भिंत झाली आणि इतके राहिले. माझं रडगाणं कुणी ऐकणार नाही. वहीत तारीख-वार लिहिलेलं ऐकावं लागतं. आमच्या तळ्यांच्या अशा वह्या फार थोड्या आहेत आणि हे काम उद्यापासून कुणालाही सुरू करता येतं, त्याला पदवी लागत नाही. पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा. लहान, राखी, शेपूट सारखी हलवतो. जाणता वाचून सांगेल, धोबी.

परवा केलगेरीला गेले तेव्हा उत्तरेच्या कोपऱ्यात अजून दोनशे पावलं मातीचा काठ मोकळा होता. मी मोजला. लव्हाळं कमरेएवढं, त्याच्या पुढं उघडा चिखल, चिखलावर म्हशींच्या खुरांचे खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात साचलेल्या पाण्यात आभाळाचा एक तुकडा. एका खड्ड्याच्या कडेला तुतवार उभा होता, शेपूट खालीवर करत. तो पळाला तेव्हा मागं ताजे ठसे राहिले.

या जानेवारीत दर रविवारी साडेसहाला मी तिथंच असणार आहे. स्वेटर घालून या, दुर्बीण नसली तरी चालेल, माझी आहे. एक वही, एक पेन्सिल आणा. पेन थंडीत अडतं. मुलांना घेऊन या. भाकरी, चटणी आणि थर्मासभर चहा मी आणते. कप तेवढे घरून आणा, कागदाचे नकोत.